उघाडीची राखण

गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून उतरते, पनवेलला वळसा घालते आणि खाडीला मिळते. त्या तोंडाशी आमचं घर. रविवारी लोक गाड्या लावून फोटो काढतात, म्हणतात, "मावशी, काय नशीबवान तुम्ही!" राहा की बाबांनो चार महिने, मग बघू नशीब.

आमच्या बांधात उघाडी आहे, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. भरतीआधी फळ्या टाकायच्या, ओहोटीला उचलायच्या. चुकलं की खारं पाणी भातात. उघाडीशेजारच्या घरात प्रत्येक उधाणाला माणूस पाहिजेच, असा गावाचा कायदा. ते घर आमचं. आधी आजा, मग बापूस, मग त्याची एकुलती एक मी. नवराही घरजावई करून आणला. तो गेला, तर त्याच्या दहाव्याला आधी फळ्या टाकल्या आणि मग नदीवर गेले. उभ्या जन्मात गावाबाहेर एक रात्र काढली नाही मी.

यंदा मुलीचं पहिलं बाळंतपण. ती नाशिकला, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. तारीख नेमकी नारळी पुनवेच्या आसपास. फोनवर म्हणाली, "आई, तू ये गं. मला भीती वाटते."

"कशी येऊ? उधाण हाय. चार घरांचं भात उभं हाय."

खोटं बोलले मी. धडधडीत खोटं. भात कुठलं? उन्हाळ्यातच डंपर आले आणि सगळ्या शेतांवर दोन पुरुष उंचीचा मुरूम पडला. गावानं जमिनी प्रकल्पाला देऊन टाकल्या, माझीही त्यात गेली. मुलगी तेव्हापासून इकडे आलीच नव्हती, तिला काय ठाऊक!

शेजारीण तर हात जोडून म्हणाली, "वैनी, जा गो! आता कोनाचा काय बुडनार हाय?" मी तिच्यावरच खेकसले. पिशवी भरली होती, खरंच भरली होती. पण एसटीत बसायचं म्हटलं की पिशवी परत खुंटीला टांगायचे. उधाणाच्या दिवशी दुसरीकडे असणं म्हणजे काय, हे मला माहीतच नव्हतं. लाज वाटते सांगायला.

पुनवेला भर दुपारी मी फळ्या टाकल्या. पाणी फळ्यांना थडकत राहिलं. पाठीमागे लाल मुरूम तापलेला, त्यावर एक कुत्रं झोपलेलं. कंबर मोडेस्तोवर मी तिथे बसले.

संध्याकाळी फोन आला. मुलगी झाली होती. बारा तास कळा सोसून लेकीचा आवाज पार बसला होता. सासूबाई होत्या जवळ, असं म्हणाली. मी रडायला लागले, तर तीच मला समजावायला लागली, "रडू नको गं. तुझाही नाइलाज होता." मग तिनं विचारलं, "भात वाचलं ना, आई?"

"वाचलं," मी म्हटलं.