बापूचा मोकळा रकाना

बापू आधी हसायचा आणि मग बोलायचा. तेवढ्यात समोरचा माणूस त्याचा होऊन जायचा. मला हे कधीच जमलं नाही. आमची डिग्री एकच, भाईंदर पूर्वेच्या ऑफिसात टेबलंही शेजारी-शेजारी. पण आमचे साहेब हाक मारायचे ती बापूला.

तेव्हा डॉक्टरांच्या टेबलांवर नुकते कुठे कम्प्युटर येऊ लागले होते. आम्ही पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर करत होतो. मी जीव ओतून स्क्रीन बनवली. काशीगावच्या डॉक्टरीणबाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, "यातलं निम्मं मला नकोय, आणि हवं ते यात नाहीये."

माझा चेहरा उतरला. बापू हसला. "मॅडम, मी तुमच्या दवाखान्यात येऊन बसू का?"

आणि खरंच बसला. बापू गोडदेवचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. तपासायला आलेल्या म्हाताऱ्या त्याच्यापाशीच मन मोकळं करायच्या, "ताप हाय, भूक न्हाय." परत आला तो नवीनच कल्पना घेऊन. डॉक्टरांनी आपापले प्रश्न स्वतः जोडायचे, नको ते काढायचे. जुन्या नोंदी मात्र जशाच्या तशा राहणार.

"उद्या प्रत्येकजण मनाला येईल ते लिहील. शिस्त काय राहणार?" मी भांडलो.

"शिस्त आत, प्रोग्रॅममध्ये ठेवू रे. बाहेर त्यांना मोकळं सोडू."

त्याचं बरोबर होतं. ते मला त्याच क्षणी कळलं, म्हणून तर जास्त झोंबलं.

पुढे वर्षभराने माझ्या मुलीला ताप चढला. बायको तिला काशीगावला घेऊन गेली. बाई गावाला गेल्या होत्या, त्यांच्या जागी दुसरेच डॉक्टर बसले होते. इंजेक्शन भरून झालं होतं. तेवढ्यात त्यांचं लक्ष स्क्रीनवर गेलं. "कुठल्या औषधाने त्रास झालाय?" हा प्रश्न बाईंनी स्वतः जोडला होता, आणि त्याचं उत्तर सगळ्यात वर लाल अक्षरांत होतं. सिरिंजमध्ये तेच औषध होतं. तान्ही असताना त्याने पोरीचं अंग सुजलं होतं, ते घाबरलेल्या बायकोच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी सिरिंज बाजूला ठेवली.

घरी आल्यावर बायकोने डोळे पुसत विचारलं, "हे तू केलंयस ना?"

"बापूने," मी म्हणालो. पोर शेजारी शांत झोपली होती म्हणून जीव निवला होता आणि मला बापूचा मत्सरही वाटत होता. दोन्ही एकाच वेळी.

काही महिन्यांनी त्याला बंगळुरूला मोठी नोकरी लागली. आता ऑफिसात मीच पहिला, म्हणून मनातून सुखावलो होतो. निरोपाच्या चहाला साहेबांनी त्याला बोलायला सांगितलं. बापू या वेळी हसला नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा भांडला म्हणून ते सॉफ्टवेअर धड झालं. नाहीतर मी नुसता पसारा केला असता."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जे मी त्याच्याबद्दल इतकी वर्षं बोलू शकलो नव्हतो, ते तो माझ्याबद्दल सहज बोलून गेला होता. त्यातही पहिला तोच.