परवान्यात नाव नसलेले काका

चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद नाकाजवळ धरायचा, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचायचा आणि मग वाईट बातमी द्यावी तशा आवाजात म्हणायचं, "त्रुटी आहे." बदलापूरला आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या काकांची ही सवय तुम्ही पाहिली असती, तर घरातली लग्नपत्रिका छापायला देण्याआधी तुम्हीही त्यांच्याकडेच नेली असती.

सोसायटीच्या फलकावर 'पाणी येणार नाही' अशी सूचना लागली, तर तिच्यातही त्यांना त्रुटी सापडली. कोणत्या दिवशी येणार नाही, ते लिहिलं नव्हतं. "म्हणजे कधीच येणार नाही का?" असं ते सेक्रेटरीला अगदी गंभीरपणे विचारत होते. त्या उन्हाळ्यात ते जवळजवळ खरंच होतं.

काकांनी नोकरीभर एकच काम केलं. जुन्या ऐतिहासिक जागा खणायला सरकारी परवाना लागतो. त्यासाठी आलेले अर्ज ते तपासायचे. नकाशा, जमीनमालकाची संमती, खड्डा परत बुजवण्याची हमी, सगळं नीट असलं की अर्ज वरच्या साहेबांकडे, नाहीतर आल्या वाटेनं परत.

"मग उत्खननं बघायला कुठेकुठे गेलात?" मी एकदा विचारलं.

"कशाला जायचं? माझं टेबल होतं ना."

तर असं होतं. शेकडो खड्ड्यांना ज्यांच्या टेबलावरून वाट मिळाली, त्यांनी स्वतः एकही खड्डा पाहिला नव्हता. अंबरनाथचं प्राचीन देऊळ एका स्टेशनाच्या अंतरावर, पण तिथेही ते महाशिवरात्रीलाच जात, तेही काकूंच्या मागे पिशवी धरून.

माझी भाची मीनल कॉलेजात इतिहास शिकवते. वांगणीजवळ भोईरमामा म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्या शेतात एक उंचवटा आहे, तिथे नांगराला जुनी खापरं लागायची. मीनलला तिथे खणायचं होतं, पण तिचा अर्ज एकदा नव्हे, दोनदा परत आला. इकडे मामांकडे शेतघरासाठी जमीन मागणारं गिऱ्हाईक खेपा घालत होतं. "पोरी, होळीपरेंत थांबन," मामा म्हणाले. "मंग नाय जमाचा. मना पन घर हाय." जमीन गेली की उंचवट्यावर पोहण्याचा तलाव होणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

मी मीनलला घेऊन काकांकडे गेलो. "काका, तुमच्या जुन्या ऑफिसात एक शब्द टाका ना."

कुणाचं तरी पाकीट मारायला सांगावं तसा काकांचा चेहरा झाला. "शब्द टाकत नसतो मी. अर्ज आणलाय का?"

चष्मा वर गेला. काकूंचा चहा आला, निवला, पुन्हा गरम होऊन आला. शेवटी काका म्हणाले, "त्रुटी आहे." मीनल रडायच्या बेतात. सातबाऱ्यावर मामांच्या बहिणीचंही नाव होतं आणि तिची संमतीच नव्हती.

"पण काका, त्या दोघांत बोलणंच नाही," मीनल म्हणाली.

"ते अर्जात कुठे लिहिलंय?" काका म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला अंबरनाथला बहिणीच्या घरी घेऊन गेले.

बहीणबाईंनी पाणी दिलं, पण सही दिली नाही. "भाऊ कधी इचारतो का मला? मंग सही कशाला पायजे?"

आता काका नियम वाचून दाखवणार, असं मला वाटलं. पण ते मान हलवत म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. तुम्हाला विचारायलाच हवं होतं." नंतर ते वांगणीला गेले आणि खुद्द मामांनाच घेऊन आले. मामा वालाच्या शेंगांची पिशवी छातीशी धरून उंबऱ्याबाहेर उभे. मग मामा म्हणाले, "बाय, इचारायला आलोय."

बहिणीनं आधी पिशवी घेतली, मग डोळ्यांना पदर लावला, मग पेन मागितलं. काकांनी मात्र तेवढ्यातही सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं, सातबाऱ्यावर आहे तसंच नाव लिहायला बजावलं.

होळीच्या आधी परवाना आला. मीनलची माणसं कामाला लागली आणि एका रविवारी मी काकांना स्कूटरवर मागे बसवून वांगणीला नेलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, कुणाच्या साखरपुड्याला निघाल्यासारखे. दोऱ्या बांधून आखलेल्या चौकोनी खड्ड्याच्या काठावर ते उभे राहिले आणि आधी दोऱ्याच नकाशाशी ताडून पाहिल्या.

मीनलनं त्यांच्यापुढे छोटी थापी धरली. "काका, तुम्ही जरा खरवडा ना. तुमच्यामुळेच झालंय हे."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको. परवान्यात माझं नाव नाही."

आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. त्यांचं लक्ष खड्ड्याच्या तळाकडे होतं. तिथे तीन काळवंडलेले दगड होते आणि मधोमध राखेचा करडा थर.

"हे काय?"

"चूल," मीनल म्हणाली. "खूप जुनी."

"चूल," काका म्हणाले. "म्हणजे इथे कुणीतरी रांधत होतं." मग ते उकिडवे बसले, इस्त्रीच्या शर्टाला माती लागली तरी. परतताना मी दोनचार वेळा त्यांची टर उडवली. बदलापूर दिसायला लागल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ती चूल शेवटची विझवली असेल, तेव्हा रांधणारीला माहीत असेल का हो, की आता पुन्हा पेटवायची नाही?"

त्यानंतरच्या थंडीत काका गेले, झोपेतच. दिवसकार्य आटोपल्यावर काकू आमच्याकडे बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "तुम्ही त्यांना वांगणीला काय दाखवलंत हो? त्या संध्याकाळी आले आणि स्टूल ओढून स्वयंपाकघरात बसले. इतक्या वर्षांत कधी नाही. मी भाकऱ्या करत होते. म्हटलं, काय हवंय? तर म्हणाले, काही नको, तू कर. शेवटची भाकरी उतरून मी गॅस बंद केला, तरी उठले नाहीत. शेगडीकडे बघत बसून राहिले."