आवाज बंद करून बघा

भुताला पुराव्याअभावी निर्दोष सोडून देणारी बाई अख्ख्या नाशिकमध्ये एकच असेल, आणि ती माझी धाकटी नणंद आहे. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडे राहायची. सकाळी पंचवटीच्या बाजारात आमच्या मळ्यातली शेवंती विकायची आणि दुपारी कॉलेजात आपल्या मुलीच्या वयाच्या पोरांशेजारी बसून माध्यमशास्त्र शिकायचं, हा तिचा चाळिशीनंतरचा दिनक्रम. शिकून काय करणार, असं कुणी विचारलं की ती त्याला शेवंतीचा भाव सांगायची.

हे शास्त्र तिच्यात असं भिनलं की घरात काहीही सरळ बघायची सोय राहिली नाही. साबणाची जाहिरात लागली की 'यात घरातला पुरुष कुठाय?' असं विचारून ती माझ्या नवऱ्याकडे बघायची. तो बिचारा पेपर घेऊन गच्चीवर जायचा. मालिकेत वीज कडाडली की मला विचारायची, "वहिनी, हा आवाज त्या बाईला ऐकू येतोय, की फक्त आपल्याला?" चित्रातल्या माणसांना ऐकू येणारा आवाज वेगळा आणि आपल्याला घाबरवायला वरून घातलेला वेगळा, हे मला तिनंच शिकवलं. एकदा कुकरची शिट्टी झाली तेव्हा मीही क्षणभर विचारात पडले, आणि डाळ लागली.

शेवटच्या वर्षाला तिनं भुताच्या एका सिनेमाचा ट्रेलर अभ्यासाला घेतला. सिनेमा पाहिला नव्हता, पाहणारही नव्हती. तिला अंधारात जिना उतरायचीही भीती. ट्रेलर मात्र थांबवून थांबवून इतक्यांदा दाखवला की त्यातल्या बंगल्याच्या पडद्यांना इस्त्री हवी, असं माझं ठाम मत झालं. अडचण वेगळीच होती. हे सगळं परीक्षकांसमोर उभं राहून बोलायचं होतं, आणि आदल्या वर्षी ऐनवेळी तिच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता. या वेळी नाही जमलं तर पुस्तकं रद्दीत, असं तिनं जाहीर केलं होतं. ती बोलते तसं करते.

म्हणून मी घरातच तालीम लावली. श्रोते दोनच: मी आणि येवल्याहून आलेल्या मावशी, म्हणजे माझ्या सासूबाईंची बहीण. नणंद रिमोट घेऊन टीव्हीशेजारी उभी राहिली. पडद्यावर दारात पांढऱ्या साडीतली, मोकळ्या केसांची बाई आली, आणि मावशींनी पाय सोफ्यावर घेतले.

"हडळ हाय ती. बंद कर."

"मावशी, तिनं केलं काय, ते सांगा."

मावशी विचारात पडल्या. केलं तर काहीच नव्हतं. बाई नुसती उभी होती. नणंदेनं आवाज बंद केला आणि तोच तुकडा पुन्हा लावला. मावशींचे पाय हळूहळू खाली आले.

"आता तर गरीब वाटती," त्या म्हणाल्या. "केव्हाची उभी हाय. कुणी तिला बस म्हणायला नको?"

आमच्याकडच्या हळदीकुंकवाला नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची. मी बोलावलं तरी पुढे यायची नाही, कारण ती आली की बायकांचं बोलणं थांबायचं. दर वर्षी त्यासाठी येवल्याहून येणाऱ्या मावशी त्या बायकांच्या पुढारी. त्यांनी उगाच पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तू पण बस की गं."

"उभं राहूनच बोलायचंय, मावशी," ती म्हणाली, आणि अडखळत का होईना, शेवटपर्यंत बोलली.

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजच्या व्हरांड्यात बसले होते. बंद दारातून शब्द कळत नव्हते, पण तिचा आवाज येत होता, बाजारात गिऱ्हाईक निघून चाललं की ती लावायची तो. बाहेर येऊन म्हणाली, "मावशींचं वाक्य सांगितलं, वहिनी. परीक्षक मग म्हणाले, बसा."

पास झाली. आता मुलीकडे पुण्याला राहून पुढचं शिकते. टीव्ही बघताना मधे कुणी थांबवत नाही, आणि मला ते बरंही वाटतं. फक्त भुताचं काही लागलं आणि ते घाबरवणारं संगीत सुरू झालं, की माझा हात रिमोटकडे जातो. आवाज बंद करते. मग दारात बाई तेवढी उरते, कुणीतरी बस म्हणेल म्हणून उभी.