बादलीतला खमण

परवा तान्ह्या पोळ्याला आमच्या लाइनीत एक बैल निघाला, जो बैल नव्हताच. पिवळा, जाडा, दोन शिंगं आणि पाठीवर काटे... आणि त्याला झूल मीच शिवली होती.

माझ्या भावाला बुटीबोरीत नोकरी लागली, म्हणून तो बडोद्याहून बायको-पोरीला घेऊन नागपुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलाय. पोरगी इरा, तिसरीतली. आल्यापासून कोणाशी धड बोलत नाही, फक्त तिचा तो व्हिडिओ गेम.

आता हा गेम मला अजूनही कळलेला नाही हे आधीच सांगते. टीव्हीजवळ एक गोल चकती असते. त्या चकतीवर प्लॅस्टिकचं खेळणं ठेवलं की तेच खेळणं टीव्हीत जाऊन धावायला लागतं... बाहेरचं मात्र आपलं जागेवरच उभं!

मी विचारलं, मग हा नेमका कुठे आहे, आत की बाहेर? इरा म्हणाली, "आत्या, त्याच्या पायाखाली चिप असते. आपण जे खेळलो ते सगळं त्याच्यात राहतं." मी मान डोलावली. डोक्यात काहीही शिरलं नाही.

त्या खेळण्यांतला हा पिवळा शिंगवाला तिला तिच्या बडोद्याच्या मैत्रिणीने, झीलने, निघताना दिला होता. झील तो कितीतरी दिवस खेळली होती, त्याचं नावही तिनेच टाईप केलं होतं... 'खमण', ढोकळ्यासारखा पिवळा म्हणून. चकतीवर ठेवला की टीव्हीवर आधी ते नाव येतं. इरा रोज तेवढं नाव बघायची आणि कधीकधी खेळायचीसुद्धा नाही.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे सगळे पोट्टे आपापले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. बाया बैलाला कुंकू लावतात, पोरांना खाऊ, पैसे देतात, त्याला बोजारा म्हणतात. मी इराला माझ्या पोराचा जुना लाकडी बैल काढून दिला, तर बाईसाहेब म्हणाल्या, मी खमणलाच नेणार. शिंगं आहेत ना त्याला!

शिंगं तर होती. घरातून निघतेय हेच खूप, म्हणून मी गुपचूप झूल शिवली, शिंगांना बेगड लावली आणि चाकं लावलेल्या लाकडी पाटीवर त्याला दोरीने बांधलं.

पोरगी तासाभराने परत आली. ओंजळभर चॉकलेटं, आणि पाटी रिकामी.

दोरी कुठे सुटली, तिला आठवेना. मग ती चॉकलेटं तिथेच टाकून रडायला लागली. "आत्या, झील गेली," एवढंच म्हणत होती. खेळणं गेलं असं एकदाही म्हणाली नाही. माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला की आपण पोरीचं काय हरवून बसलोय.

मी तिचा हात धरला आणि घर न् घर पालथं घातलं. शेवटी कोपऱ्यावरच्या काकूंकडे गेलो, तर काकू अंगणात बादलीपाशी वैतागून बसलेल्या.

त्यांच्या घरची पद्धत अशी, की पोळ्याला पुजलेले मातीचे बैल दुसऱ्या दिवशी बादलीत विसर्जित करायचे आणि ते पाणी झाडाला घालायचं. पूजेच्या पाटाजवळ झूल घातलेला खमण पडलेला दिसला, म्हणून काकूंनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून सोडला बादलीत! "बाकीचे कवाचे विरघळले वं," काकू मला म्हणाल्या, "हा एक काहून विरघळून नाही राहिला?"

गढूळ पाण्यातून दोन शिंगं तेवढी वर दिसत होती. हसावं की रडावं... इराने कोपरापर्यंत हात घालून त्याला बाहेर काढला.

काकूंना सगळं सांगितल्यावर त्या बिचाऱ्या इतक्या घाबरल्या, की नात स्वराला घेऊन आमच्यासोबतच निघाल्या. घरी आम्ही खमणला धुतला, पुसला, पंख्याखाली ठेवला. काकू सारखं विचारत होत्या की पाण्याने आठवण जाते का? मला काय माहीत, बाप्पा! मला तर ती आत कशी गेली तेच माहीत नव्हतं.

इराने त्याला चकतीवर ठेवला. काही नाही. मी तळपाय बघितला तर खाली मातीचा थर तसाच. नखाने खरवडला, पदराने पुसला, परत ठेवला...

टीव्हीवर नाव आलं. खमण.

काकूंनी आधी टीव्हीला नमस्कार केला. मग पुढे वाकून निरखून म्हणाल्या, "पण मी एवढं कुंकू लावलं, ते काहून नाही दिसून राहिलं?" आणि इरा हसली! नागपुरात आल्यापासून असं खळखळून पहिल्यांदाच.

खरं सांगू? काकूंचा प्रश्न मला रास्त वाटला. झील आत राहते तर कुंकू का नाही?

काल सकाळी स्वरा स्वतःहून आली, काखेत तिचा लाकडी बैल. इराने खमणला उचलून बाजूला ठेवलं, चक्क स्वतःच्या हाताने, आणि स्वराच्या बैलाला चकतीवर जागा दिली. दोघी टीव्हीकडे बघत बसल्या. अर्थातच काही झालं नाही, लाकडात कुठली चिप!

शेवटी इराच टीव्हीकडे बघत हंबरली. मग स्वरा हंबरली. मग दोघी हंबरत हंबरत घरभर, आणि टीव्ही बिचारा तसाच चालू...

कोणाच्या पायाखाली काय साठतं, मला अजूनही कळलेलं नाही. पण काकू, तुमच्या त्या बादलीला माझा नमस्कार.