ब्रेकसरांची सायकल

आमच्या शहरात जे गाडी चालवतात, त्यांतल्या निम्म्यांना ती ब्रेकसरांनी शिकवली आहे. उरलेल्या निम्म्यांना ती येत नाही, तरी ते चालवतात. हे मत अर्थातच ब्रेकसरांचं.

त्यांचं खरं नाव ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर आहे, पण ते कोणी वाचत नाही. ब्रेकसर हे नाव पडलं ते उजव्या पायामुळे. शिकाऊ गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की शिक्षक तो दाबतो आणि सगळ्यांचे जीव वाचतात. सरांचा उजवा पाय जन्मभर हेच करत आला, त्यामुळे तो आता सरांचंही ऐकत नाही. बसमध्ये बसले की सर समोरच्या सीटखाली पाय रोवतात. सिनेमात नायकाची गाडी कड्याकडे निघाली की पुढच्या खुर्चीतला माणूस दचकून मागे बघतो. दाढी करताना वस्तरा गळ्याशी आला की पायदानीवर धाडकन आवाज होतो. न्हावी आता आधीच म्हणतो, "सर, मी वस्तरा उचलतो, तुम्ही ब्रेक मारून घ्या."

हात मात्र मांडीवर निवांत. "शिक्षकाने हात घातला की विद्यार्थी शिकत नाही," असं सर म्हणतात. धोका दिसला की पाय खाली, हात मांडीवर. ही सवय ध्यानात ठेवा, पुढे तिनेच घात केला.

नियम म्हणजे सरांचा जीव की प्राण. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला ते थांबणार, आणि रेषेच्या आत थांबणार. सायकलवाल्यांचा मात्र त्यांना भारी राग. ना आरसा, ना इंडिकेटर, ना लाज! लाल दिवा लागला की हे लोक मोटारींच्या फटींतून पुढे सरकतात आणि डावीउजवीकडे बघून पसार होतात. सरांनी शिकाऊ गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'सायकलस्वारांनो, लाल दिवा तुम्हालाही दिसतो!'

आणि अशा माणसाच्या बायकोने सायकल घेतली.

बायकोला सगळे सुईबाई म्हणतात. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि ते लॅबमध्ये पोचवायचे हे त्यांचं काम. हात इतका हलका, की रडकी मुलंही 'झालं?' असं विचारतात. पण सकाळ म्हणजे नुसती धावपळ. लोक उपाशीपोटी, चहावाचून, घड्याळाकडे बघत बसलेले असतात आणि बाईंना उशीर झाला की घराघरांत भांडणं पेटतात. बसची वाट बघून बघून वैतागल्यावर बाई सरांना म्हणाल्या, "मला गाडी शिकवा."

ते शिक्षण चारच दिवस टिकलं. बाई गिअर टाकायच्या आधीच सरांचा पाय ब्रेकवर! चौथ्या दिवशी त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, उतरल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या पायाचा माझ्यावर विश्वास नाही." मग समोरच्या दुकानात गेल्या आणि सायकल घेऊनच बाहेर आल्या. कॅरिअरवर नमुन्यांची थंड पेटी, पुढे घंटी, आणि बाईंना जणू पंख फुटले.

त्या लाल दिवे मोडायच्या, हे लपवण्यात अर्थ नाही. लाल दिवा म्हणजे त्यांच्या मते एक सूचना होती, वडीलधाऱ्यांच्या सूचनेसारखी. ऐकून घ्यायची आणि आपल्याला हवं ते करायचं.

पण अर्धं शहर सरांचे विद्यार्थी, म्हणजे अर्धं शहर सरांचे गुप्तहेर. फोन यायला लागले. "सर, वहिनी आत्ता लाल दिव्यातून गेल्या." "सर, मॅडम उलट्या बाजूने आल्या, वर मला हात केला." एकाने तर विचारलं, "सर, परीक्षेत सायकलवाल्यांचा प्रश्न आला तर पुस्तकातलं उत्तर लिहू की तुमच्या घरचं?" सरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वाद पेटला. तिसरं माणूस म्हणजे मेव्हणा, बाईंचा धाकटा भाऊ. तो सरांच्याच स्कूलमध्ये दुसरी गाडी शिकवतो आणि बहिणीच्या घरी जेवतो, म्हणजे दोन्हीकडचं मीठ खातो.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं म्हणतात लोक मला," सर म्हणाले. "अगं, नियम सगळ्यांना सारखा नको?"

"सारखा? आज एकाने धाडकन दार उघडलं माझ्यासमोर. एक जण इतका खेटून गेला की माझी ओढणी त्याच्या आरशात अडकली असती. आणि एकाने नुसता हॉर्न दिला, मी रस्त्यावर आहे म्हणून. तिघांनी काय म्हटलं सांगू? 'सॉरी वहिनी, सरांना सांगू नका!' तिघंही तुमचेच हो!"

मेव्हण्याला ठसका लागला.

"मी एकटी मोडते ते दिसतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. "तुम्ही शेकड्यांनी घडवलेत ते?"

खरं सांगायचं तर त्यांना नियमांची काळजी थोडी होती आणि बाईंची फार. सकाळी बाई सायकलवर टांग मारून निघाल्या की सर चहा घेत बसायचे आणि टेबलाखाली त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. बाई लॅबला पोचल्याचा फोन आला की तो सुटायचा. तोवर जीव टांगणीला. पण हे बोलून दाखवायला त्यांची जीभ रेटत नसे, म्हणून ते नियम सांगायचे. नवरे असंच करतात.

"बोलणं सोपं असतं," बाई म्हणाल्या. "एक दिवस घरापासून स्कूलपर्यंत सायकलने जा. एकही नियम न मोडता. जमलं तर यापुढे प्रत्येक लाल दिव्याला मी पाय टेकीन. नाही जमलं तर ती काचेवरची अक्षरं स्वतःच्या हाताने खरवडायची आणि मला लाल दिव्याबद्दल पुन्हा एक अक्षर बोलायचं नाही."

"ठरलं!" मेव्हणा म्हणाला. पैज त्याची नव्हती, तरी तोच आधी म्हणाला.

सरांचा चेहरा उतरला. बाई जन्मभर प्रत्येक लाल दिव्याला थांबणार, याहून मोठं त्यांना काय हवं होतं? पण त्यात एक अडचण होती आणि ती आजवर कोणालाच माहीत नव्हती. रात्रभर तळमळून सकाळी ते बायकोपाशी गेले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मला सायकल येत नाही."

बाईंना आधी कळेचना. सरांच्या लहानपणी घरात एकच सायकल होती आणि ती थोरल्या भावाने कधी सोडली नाही. पुढे मिशा फुटल्यावर शिकायची लाज वाटली. त्यानंतर सर थेट मोटारीतच बसले. गाडी शिकवणाऱ्याला 'सायकल येते का' असं कोण विचारतो?

"म्हणजे तो गुडघा?" बाईंनी विचारलं. "इतकी वर्षं सहलीला सायकली घ्यायच्या म्हटलं की तुमचा गुडघा दुखायचा, तो?"

"गुडघा ठणठणीत आहे."

बाई हसत सुटल्या. भिंतीला टेकल्या, मग खाली बसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. सरांना आधी राग आला, मग तेही हसायला लागले. शेवटी बाई म्हणाल्या, "चला, मीच शिकवते." पैज लावणारीनेच समोरच्याला तयार करावं, असं आमच्या शहरात दुसरीकडे घडलेलं नाही.

शिकवणी स्कूलच्या मैदानावर झाली. तिथे जमिनीवर आठाचा मोठा आकडा रंगवलेला आहे. सरांनी कितीतरी जणांना त्यावरून गाडी फिरवायला लावून रडवलं होतं. आता सर स्वतः त्या आठावर वेडेवाकडे फिरत होते आणि बाई कॅरिअर धरून मागे पळत होत्या.

"पुढे बघा, चाकाकडे नको!"

"मी शिक्षक आहे, मला माहीत आहे!"

"मग बघा ना!"

तोल आला, वळणं आली, हात दाखवून इशारे करणं तर सरांना पुस्तकातल्यासारखं आलं. एकच गोष्ट राहून गेली आणि ती दोघांच्याही लक्षात आली नाही. बाई 'थांबा' म्हणाल्या की कॅरिअर घट्ट धरून ठेवायच्या. सायकल थांबायची आणि सरांना वाटायचं, आपण थांबवली. जन्मभर विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्यांनी हेच केलं होतं, पण शिकणाऱ्याच्या जागी बसल्यावर ते कोणाला सुचतं?

पैजेचा दिवस उजाडला. डोक्यावर हेल्मेट, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. सर नव्या घेतलेल्या सायकलवर निघाले आणि साक्षीला मागून आपल्या सायकलवर बाई. पहिला दिवा हिरवा मिळाला. दुसराही हिरवा. ओळखीचे लोक काचा खाली करून टाळ्या वाजवत होते. सकाळचं ऊन तोंडावर होतं, चाकांची बारीक कुरकुर कानावर येत होती, आणि सरांना वाटलं, आपण हे इतकी वर्षं नुसतं काचेतून बघत होतो!

मोठ्या चौकाशी दिवा लाल झाला.

रेषेपाशी, अगदी रेषेच्या आत, त्यांचीच शिकाऊ गाडी उभी होती. आत मेव्हणा आणि स्टिअरिंगवर दातांची डॉक्टरीण. ती परीक्षेत दोनदा नापास झाली होती आणि लाल दिव्याच्या नावाने तिची बोबडी वळायची. सरांनी नियमाप्रमाणे एक हात बाहेर काढला आणि 'मी थांबत आहे' असा सुरेख इशारा केला. मग उजवा पाय दाबला.

सायकल पळाली.

सर घाबरले. घाबरल्यावर त्यांचा पाय काय करतो हे सगळ्या शहराला माहीत आहे. पेडल वर आलं, पायाने ते आणखी जोरात दाबलं. सायकल आणखी पळाली. हाताशी ब्रेक होता, पण धोक्याच्या वेळी हाताने काही करायचं असतं हेच सरांना ठाऊक नव्हतं. 'मी थांबत आहे' असा हात तसाच बाहेर, आणि सर शिकाऊ गाडीच्या शेजारून, काचेवरच्या त्या अक्षरांच्या शेजारून, लाल दिव्यातून सुसाट चौकात घुसले.

"सर गेले," डॉक्टरीण म्हणाली. "मी जाऊ का?"

मेव्हण्याने दोन्ही पायांनी ब्रेक धरला.

चौकात मात्र एक नवल घडलं. आडव्या रस्त्याने येणाऱ्या सगळ्या गाड्या एकदम करकचून थांबल्या. 'समोर काय आहे कळलं नाही तर आधी ब्रेक, मग विचार,' हा सरांचा पहिल्या दिवसाचा धडा. टेम्पोवाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, बँकेतला गृहस्थ, सगळ्यांनी तो पाळला. मधल्या मोकळ्या जागेतून ब्रेकसर हात बाहेर काढून तीरासारखे गेले आणि पलीकडे रोपं विकणाऱ्याच्या कुंड्यांत, एका दाट झुडपात, जाऊन थांबले.

झुडपातून हसू ऐकू आलं. सर हसत होते. मिशीत पानं, चष्मा एका कानावर, आणि लहान पोरासारखे खिदळत होते. पैज गेली, अब्रू गेली, पण थोरल्या भावाच्या सायकलीमागे धावलेला तो पोरगा आज एकदाचा सुटला होता.

"बघितलंस?" ते म्हणाले. "अगं, बघितलंस का?"

बाई समोर उभ्या होत्या. त्याही लाल दिव्यातूनच आल्या होत्या, आणि पहिल्यांदाच डावीउजवीकडे न बघता. त्या हसत नव्हत्या. चेहरा पांढराफटक.

"माझा पाय..." त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढे जात होतात आणि मी इकडे रस्त्यावर पाय दाबत होते. तुम्ही थांबावं म्हणून. दाबून काय होणार होतं, सांगा? पण दाबत होते हो."

सरांचं हसू ओसरलं. ते झुडपातून बाहेर आले, चष्मा नीट केला आणि बायकोकडे बघून म्हणाले, "मी रोज दाबतो. तू निघालीस की. टेबलाखाली."

बाईंनी सरांच्या मिशीतलं एक पान काढलं.

चौकातला पोलीस धावत आला. तोही जुना विद्यार्थी. "सर, लागलं नाही ना? जाऊ दे, मी काही पाहिलं नाही."

"पाहिलंस," सर म्हणाले. "दोघांचीही पावती फाड."

त्याच दिवशी सरांनी स्वतःच्या हाताने काचेवरची अक्षरं खरवडली. शब्दाला जागले. लाल दिव्याबद्दल बाईंना त्यांनी पुन्हा एक अक्षर बोलून दाखवलेलं नाही. विद्यार्थ्यांना मात्र एक नवा धडा मिळतो. "पुढे सायकल असली की अंतर ठेवा," सर म्हणतात. "त्याला थांबता येतं की नाही, तुम्हाला काय माहीत?"

आता रोज सकाळी दोघं बरोबर निघतात. पुढे बाई, मागे सर. हाताचा ब्रेक सरांना अजून नीट जमत नाही, पायाची खोड सुटता सुटत नाही. त्यामुळे लाल दिवा दिसला की बाईंना थांबावंच लागतं. त्या रेषेच्या आत पाय टेकतात, मागून सर येतात, हात लांब करून थंड पेटीखालचं कॅरिअर घट्ट धरतात, आणि दोन्ही सायकली उभ्या राहतात. पैज बाई जिंकल्या, पण त्या दिवसापासून एकही लाल दिवा त्यांनी मोडलेला नाही.

परवा मोठ्या चौकात दिवा हिरवा झाला तरी सरांनी कॅरिअर सोडलं नाही. मागच्या मोटारवाल्याने हॉर्नवर हात नेला आणि सरांना ओळखून परत घेतला.

"सोडा आता," बाई म्हणाल्या. "मी बघून जाते."

सरांनी हात सोडला.