गोपाळची राणी

काल नातीच्या तोंडाला शाळेतल्या नाटकासाठी सफेदा लावताना तो जुना वास नाकात शिरला, आणि मी लोणावळ्याच्या मालधक्क्यावर जाऊन पोचलो.

तिथे आम्ही रेल्वेतल्या कामगारांनी नाटक बसवलं होतं. मी राजा, आणि इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा गोपाळ राणी. प्रयोगाला कार्ल्याहून, वाकसईहून बैलगाड्या आल्या होत्या. दुसरी घंटा झाली आणि इंजिनांच्या शेडमधला शिपाई धावत आला.

"गोपाळ, घाटात मालगाडी अडलीय. साहेब म्हणतो, आत्ता चल, न्हाईतर उद्यापासनं येऊ नगंस."

गोपाळने लुगडं फेडलं आणि तोंडावरच्या रंगासकट तो गेला. राणीचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. लोक शिव्या देत उठले.

सकाळी तो परतला तेव्हा सफेद्यावर काजळी बसली होती.

"लोकं थांबली व्हती का रं?"

"न्हाई."

मग रिकाम्या रंगमंचावर चढून त्याने राणीचं पहिलं भाषण मला म्हणून दाखवलं. फार सुरेख म्हणाला.

तेव्हा मी नशिबाला बोल लावला. आता वाटतं, कसलं नशीब? एका प्रयोगापुरता दुसरा माणूस साहेबाला मिळाला नसता? पुढे गोपाळची बदली झाली. त्याची राणी माझ्याशिवाय कुणीच पाहिली नाही.