लस आणि विरजण

फ्लूची लस आम्ही दोघांनी शेजारच्या खुर्च्यांवर बसून घेतली. दुसऱ्या दिवशी माझा दंड इतका ठणकत होता की शर्टाच्या बाहीत हात घालवेना. सुधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आपला दंड दाबून पाहिला. "मला तर काहीच नाही," ती म्हणाली. एरवी हे ऐकून मला बरं वाटलं असतं.

सुधाला रक्ताचा कॅन्सर आहे. लशीला ओळखून कामाला लागायचं ते ज्या पेशींनी, त्याच या आजारात बिघडतात, म्हणून लस कमी लागू पडू शकते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तरी घ्यायची, आणि घरातल्या सगळ्यांनी घ्यायची. दंड दुखला नाही म्हणजे लस फुकट गेली, असंही नसतं म्हणे. मग कळायचं कसं, मी सुधाला विचारलं.

"विरजणासारखंच की," दुधात चमचा फिरवत सुधा म्हणाली. "घालायचं आणि वाट पाहायची. सारखं हलवून बघितलं तर लागायचं तेही दही लागत नाही."

थंडीचे दिवस. तिनं ते भांडं नेहमीसारखं कणकेच्या डब्यात खोचून ठेवलं. आतली ऊब पुरणार नसेल तर बाहेरून द्यायची.

संध्याकाळी मुलगा आणि सून आले; त्यांनीही सकाळीच लस टोचून घेतली होती. "आई, हात वर होत नाहीये हो," सून कण्हली. मग सुधाला मध्ये घेऊन आम्ही तिघं सोफ्यावर बसलो, आपापले दुखरे दंड सांभाळत.

"जरा सरकून बसा रे," सुधा म्हणाली, "उकडतंय मला."

कुणीही सरकलं नाही.